नियतकालिकाचे अपत्य : मराठी विनोदी मालिकेच्या अखेरीचा प्रश्न

१

दूरचित्रवाणीवरील एखादी गाजलेली विनोदी मालिका बंद पडते तेव्हा तिच्या अखेरीची कारणमीमांसा बहुधा दोन वाक्यांत उरकली जाते. मालिकेत तोचतोपणा आला, हे एक. आणि प्रेक्षकांची अभिरुची बदलली, हे दुसरे. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत. पहिल्यात दोष लेखकाच्या पदरी पडतो, दुसऱ्यात प्रेक्षकाच्या. ज्या रूपबंधात ती मालिका घडली त्याचा विचार करण्याची गरज कोणालाच उरत नाही.

यांपैकी पहिले उत्तर तर तपासणीत फारसे टिकतही नाही. बर्गसाँने १९०० साली हास्यावरच्या आपल्या निबंधात जिवंत माणसावर चढलेल्या यांत्रिकतेत हास्याचे मूळ पाहिले, आणि पुनरावृत्ती हा त्या यांत्रिकतेचा एक ठळक आविष्कार मानला. नॉर्थ्रप फ्रायने १९५७ मध्ये सुखात्मिकेचा विचार करताना एकाच छंदाने पछाडलेल्या पात्रांचा जो वर्ग कल्पिला, त्यांचेही हास्यकारक असणे त्यांच्या न बदलण्यावर अवलंबून असते. मग ज्या प्रकाराचा प्राणच पुनरावृत्ती आहे, तो पुनरावृत्तीने मेला असे म्हणणे म्हणजे माणूस श्वास घेऊन घेऊन मेला असे म्हणण्यासारखे होईल. लोकप्रियता घटली की मालिका संपते हाही नियम नव्हे. अमेरिकेतील 'आय लव्ह ल्यूसी' १९५७ साली थांबली ती लोकप्रियतेत अग्रस्थानी असताना.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे मराठीच्या अंगाने पाहावयाचे आहे. 'चिमणराव' आणि 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या दोन मालिका त्यासाठी पुरेशा आहेत. मराठी विनोदी मालिका हे मूलतः छापील नियतकालिकाचे अपत्य आहे, आणि नियतकालिकाने तिला दिलेली काळाची लय माध्यमाने मोडली तेव्हा तिची अखेर झाली, असे माझे म्हणणे आहे. दुसरी एक गोष्ट आताच नोंदवून ठेवतो. 'लोकप्रियता' हा शब्द वापरताना लोक कोठले, हे आपण विचारीत नाही. म्हणून या इतिहासाकडे मुंबई-पुण्याहून न पाहता यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीहून पाहण्याचा प्रयत्न मी केला आहे. पैनगंगेच्या खोऱ्यातले, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेवरचे हे गाव आहे. या टापूत मराठीबरोबर गोरमाटी आणि दखनी उर्दूही बोलली जाते. मालिकांचा इतिहास लिहिताना अशा गावाची आठवण कोणाला होत नाही, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे ही विस्मृती निरुपद्रवी नाही.

२

एकच पात्र किंवा एकच पात्रसमूह, दर खेपेला नवा प्रसंग, प्रसंगाच्या शेवटी सारे पूर्ववत, आणि वाचकाला पुढच्या भेटीची खात्री : विनोदी मालिकेची ही घडण दूरचित्रवाणीने शोधलेली नाही. मराठीत ती विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झाली, आणि तिचा उगम वऱ्हाडात आहे ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. वऱ्हाडात वकिली करणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १९०२ पासून मुंबईच्या 'विविधज्ञानविस्तारा'त जे विनोदी लेख लिहिले, तेच पुढे 'सुदाम्याचे पोहे' या नावाने ग्रंथरूप झाले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट लेखामागून लेखात येते, कधी सणाच्या तर कधी रूढीच्या निमित्ताने फजीत होते, आणि पुढच्या लेखात जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा उभे राहते. मासिकाचे दोन अंक मधल्या काळाने तोडलेले असतात. तो खंडच पात्राला पूर्ववत होण्याची सवलत देतो. ग्रंथात सलग वाचताना हेच लेख काहीसे एकसुरी वाटतात, हा अनुभव अनेकांचा असेल. दोष लेखांचा नाही. एका बैठकीत संपवण्यासाठी ते लिहिलेलेच नव्हते.

गडकऱ्यांच्या बाळकरामाने हा वारसा उचलला. पण या प्रकाराला घर दिले ते चिं. वि. जोशी यांनी. सुदाम्याचे त्रिकूट हे मित्रांचे टोळके आहे. चिमणरावाला मात्र आई आहे, काऊ नावाची बायको आहे, मोरू-मैना ही मुले आहेत, आणि गुंड्याभाऊसारखा धिप्पाड, सोटाधारी मावसभाऊ आहे. बडोद्याला पालीचे अध्यापन करणाऱ्या जोशींनी (१८९२–१९६३) पुण्याच्या मध्यमवर्गीय ब्राह्मणी घराचे चित्र काढावे यात एक दुरून पाहण्याचा लाभ होता. 'एरंडाचे गुऱ्हाळ' आणि 'चिमणरावांचे चऱ्हाट' ही पुस्तके तिसाव्या दशकाच्या आरंभीची. घर आले की संसार येतो, आणि संसार आला की काळ येतो. चिमणरावाचे लग्न होते, मुले होतात. म्हणजे पात्राचा स्वभाव स्थिर आहे, पण त्याची परिस्थिती पुढे सरकत राहते. न बदलणारा माणूस आणि बदलणारे घर यांतील हा ताण विनोदी मालिकेच्या पोटात तेव्हापासूनच आहे. छापील पानावर तो लेखकाच्या हाती असतो. मोरूला किती वर्षे लहान ठेवायचे हे लेखक ठरवतो. (चित्रमालिकेत तर हे आणखी सोपे; १९९१ मध्ये अवतरलेला 'चिंटू' मोठा व्हावा असे कोणी कधी म्हटले नाही.)

येथे निवेदनाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुदामा काय किंवा चिमणराव काय, दोघेही आपली हकीकत आपणच सांगतात. चिमणरावाचा भित्रेपणा आपल्याला हसवतो, पण त्याहून अधिक हसवतो तो तो भित्रेपणा झाकण्यासाठी त्याने योजलेला प्रौढ, समंजस स्वर. घटना आणि तिचे निवेदन यांतल्या या फटीत चिं. विं.चा विनोद राहतो. ही फट दृश्य माध्यमात कशी टिकवायची, हा प्रश्न मास्टर विनायकांच्या 'सरकारी पाहुणे' (१९४२) या चित्रपटासमोरही होता. तेथे दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांच्या शरीरांतील विसंगतीने तिची जागा घेतली. एक किडकिडीत आणि एक थोराड, एवढ्यावर प्रेक्षक हसू लागतो.

३

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर पाचेक वर्षांनी विजया जोगळेकर-धुमाळे आणि याकूब सईद यांच्या निर्मितीतून 'चिमणराव' ही मालिका आली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मराठी मालिकेच्या इतिहासात तिला आद्यत्वाचा मान मिळतो आणि तो रास्त आहे. पण ती थांबली का, याचे उत्तर 'लोकप्रियता ओसरली' असे देता येत नाही. १९७९ साली त्याच जोडीला घेऊन 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा चित्रपट निघाला, ही गोष्ट उलटच साक्ष देते.

थांबण्याची कारणे तिच्या जन्मातच होती. मूळ लेखक १९६३ मध्ये निवर्तला होता; कथांचा साठा संपणारा होता, वाढणारा नव्हता. मालिका दिसली तेव्हाच ती चाळीसेक वर्षांपूर्वीच्या पुण्याची होती. पोशाख, भाषा, वाडा, सारे मागचे. म्हणजे पडद्यावरच्या घराला वर्तमानाशी जोडून पुढे नेण्याची वाटच नव्हती. वाचकाने पूर्वी वाचलेले पुन्हा पाहणे, यात प्रेक्षकाचा आनंद होता. शिवाय ती सरकारी केंद्राची स्वतःची निर्मिती होती. जाहिरातदार नाही, प्रतिस्पर्धी वाहिनी नाही, म्हणून ती लांबवावी असा दाब नाही. ज्या काळात एकच केंद्र आहे आणि संध्याकाळचे काही तासच प्रक्षेपण आहे, त्या काळात लोकप्रियता मोजायची तरी कशाशी ताडून? त्या काळच्या आठवणींत 'रस्ते ओस पडत' असे वाक्य हमखास येते. ते खोटे नाही. मात्र कोणते रस्ते?

दूरचित्रवाणीचे भूस्थित प्रक्षेपण प्रक्षेपकापासून काही मर्यादित अंतरापर्यंतच पोचते. १९७७-७९ मध्ये मुंबईचे कार्यक्रम मुंबई आणि पुणे यांच्या परिसरात दिसत. यवतमाळ जिल्हा त्या कक्षेच्या कितीतरी बाहेर होता. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा जो प्रयोग देशातल्या सहा राज्यांत झाला, त्यांत महाराष्ट्र नव्हता. तेव्हा 'चिमणराव' जेव्हा साऱ्या महाराष्ट्राला हसवीत होती असे आपण लिहितो, तेव्हा फुलसावंगी, पुसद, उमरखेड या टापूत ती मालिका घडलीच नव्हती. तेथे चिमणराव होता तो शाळेच्या किंवा वाचनालयाच्या कपाटातला, छापील. म्हणजे ज्या निवेदकाचा स्वर पडद्यावर हरवला, तो तिथे शाबूत होता.

पुढचा टप्पा आणखी विचार करण्याजोगा आहे. १९८३ मध्ये इनसॅट-१बी कार्यान्वित झाल्यावर १९८४ साली देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभारण्याची मोहीम निघाली. काही महिने तर जवळजवळ रोज एक प्रक्षेपक सुरू होत होता. हे प्रक्षेपक आरंभी मुख्यतः दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम पुनःप्रक्षेपित करीत. मुंबईचा मराठी कार्यक्रम उपग्रहाच्या मार्गाने राज्याच्या कानाकोपऱ्यात पोचायला आणखी काळ जावा लागला. परिणाम असा की अंतर्भागातील मराठी माणसाला घरगुती विनोदी मालिका हा प्रकार प्रथम भेटला तो हिंदीत. शरद जोशींनी लिहिलेली 'ये जो है जिंदगी' १९८४ ची. त्याच वर्षी 'हम लोग' सुरू झाली. वऱ्हाडातल्या लेखकाने मराठीत रुजवलेला प्रकार वऱ्हाडात दूरचित्रवाणीमार्गे परत आला तो दुसऱ्या भाषेचे कपडे घालून. मराठी समीक्षेने या उलटापालटीची दखल घेतलेली नाही.

४

उपग्रहवाहिन्यांच्या काळात चित्र पालटले. 'अल्फा मराठी' १९९९ मध्ये, 'ई टीव्ही मराठी' २००० मध्ये आली, आणि केबलच्या तारेने ज्या घरांत शिरकाव केला तेथे अंतराचा प्रश्न मिटला. केदार शिंदे दिग्दर्शित 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ च्या अखेरीस सुरू झाली आणि २००५ च्या आरंभी संपली. मूळ पुन्हा नियतकालिकात : प्रभावळकरांचे 'लोकसत्ते'तील 'अनुदिनी' हे सदर. चिमणराव झालेला नट पाव शतकाने आजोबा होऊन परतला, यात केवळ योगायोग पाहणे मला पटत नाही. तो या प्रकाराचा स्वतःकडे पाहण्याचा क्षण आहे. कारण 'टिपरे'मध्ये निवेदन परत आले. आबा दिवसाअखेर रोजनिशी लिहितात. घरात घडलेले एक, आबांनी टिपलेले किंचित वेगळे. जी फट 'सरकारी पाहुणे'ला आणि 'चिमणराव'ला सांधता आली नव्हती, तिला या मालिकेने रोजनिशीच्या वहीत जागा दिली. माझ्या मते तिचे वाङ्मयीन यश याच एका योजनेत आहे. चांगल्या अभिनयाची वाखाणणी त्यानंतर.

रोजनिशीला मात्र तारीख असते. मासिकातील पात्र अंकागणिक पूर्ववत होऊ शकते, रोजनिशी लिहिणाऱ्याला कालची नोंद खोडता येत नाही. शिऱ्या आणि शलाका ही नातवंडे आज कॉलेजात आहेत म्हणजे उद्या नोकरीत, परवा लग्नाच्या वयात असणार. त्यांत काम करणाऱ्या नटांची शरीरेही वाढतात, आणि कॅमेरा ते लपवत नाही. शेखर आणि श्यामला यांचे मधल्या पिढीचे ओढाताणीचे वय कायम राहत नाही. तीन पिढ्या एका छताखाली, प्रत्येकीचा स्वभाव पक्का, आणि आठवड्याला एक लहानसा कलह : ही रचना काही वर्षेच खरी वाटू शकते. त्यानंतर एक तर घर फुटले पाहिजे, म्हणजे विनोद संपला. किंवा काळ गोठवला पाहिजे, म्हणजे रोजनिशी खोटी ठरली. थांबणे हे या पेचातून सुटण्याचे सर्वांत प्रामाणिक रूप होते. तोचतोपणा येथे कारण म्हणून दाखवता येत नाही. उलट जो तोचतोपणा हवा होता तोच अशक्य होत गेला.

हे झाले आतले कारण. बाहेरचे कारण माध्यमाच्या लयीचे. २००० च्या आसपास हिंदीत आणि पाठोपाठ मराठीत दैनंदिन मालिकेने साप्ताहिक मालिकेची जागा घेतली. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ अशी चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. रेमंड विल्यम्सने १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचे वर्णन 'प्रवाह' असे केले होते : सुटे कार्यक्रम नव्हेत, तर एकातून एक वाहणारा अखंड क्रम. साप्ताहिक विनोदी मालिका या प्रवाहात बेटासारखी असते. तिचा भाग पूर्ण होतो, गाठ सुटते, उद्यासाठी काही उरत नाही. रोज उद्यावर टांगणी ठेवणाऱ्या मालिकेच्या शेजारी ती व्यापारदृष्ट्या तोट्याची दिसणारच. विनोदाला मात्र मधला आठवडा लागतो. त्या आठवड्यात प्रेक्षकाचे स्वतःचे घर चालू असते, तेथे टिपऱ्यांच्या घरासारखे काही घडते, आणि पुढच्या भेटीत तो ते ताडून पाहतो. रोज भेटणाऱ्या पात्राशी असे ताडणे होत नाही. त्याची सवय होते.

प्रतिउदाहरण म्हणून 'तारक मेहता का उल्टा चष्मा' पुढे केली जाईल, आणि ते टाळता येणार नाही. तिचेही मूळ नियतकालिकातच. तारक मेहतांचे गुजराती सदर 'चित्रलेखा'त १९७१ मध्ये सुरू झाले. २००८ पासून चाललेल्या या दैनंदिन मालिकेने २०२४ मध्ये चार हजार भागांचा टप्पा ओलांडला. ती संपली नाही हे खरे. पण न संपण्यासाठी तिने काय दिले हे पाहिले पाहिजे. एका भागात मावणारा प्रसंग अनेक भागांवर ताणला गेला. दयाबेन साकारणाऱ्या दिशा वकानी २०१७ मध्ये गेल्या, आणि त्यानंतर जेठालालच्या घरात पत्नीच्या जागी दीर्घकाळ केवळ तिची वाट पाहणे उरले. टप्पूचे नट बदलत गेले. त्यात आत्माराम भिडे हा मराठी शिक्षक आहे. शिस्त, काटकसर, जुन्या काळाचे दाखले हे त्याचे ठरलेले गुण. चिमणरावाच्या वंशातले हे पात्र दुसऱ्यांच्या नजरेतून रेखाटलेला मराठी माणूस म्हणून तेथे जिवंत आहे, स्वतःची हकीकत सांगणारा म्हणून नाही. मालिका टिकली, निवेदक गेला, असे तिच्याबाबत म्हणता येईल.

५

आता पुन्हा फुलसावंगीकडे. 'टिपरे' तेथे पोचण्यात तांत्रिक अडचण नव्हती. पण पोचणे आणि रुजणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर बऱ्याचदा विजेच्या तारेइतके साधे असते. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमन भोगले. २००५ नंतर तर अनेक ठिकाणी दिवसाचे दहा-बारा तास वीज नसे. आठवड्यातून एकदा अर्धा तास येणारी मालिका त्या अर्ध्या तासात वीज गेली की आठवडाभरासाठी गेली. तिचा प्रसंग स्वयंपूर्ण असल्याने चुकलेला भाग पुढच्या भागातून भरून निघत नाही. कौटुंबिक दैनंदिन मालिका मात्र अशा खंडांना पुरून उरते. तीन दिवस पाहिली नाही तरी चौथ्या दिवशी सासू त्याच दारात उभी असते, आणि मागील भागात काय झाले ते पुन्हा दाखवलेलेही असते. अभिरुची बदलली असे आपण शहरात बसून लिहितो तेव्हा वेळापत्रक, वीज आणि कथानकाची घडण यांच्या या हिशेबाकडे आपले लक्ष नसते. खेड्यातल्या प्रेक्षकाने विनोद नाकारला, असा निष्कर्ष यातून काढणे अन्यायाचे होईल.

दुसरे अंतर घराचे. पुण्यातला चिमणरावाचा वाडा आणि महानगरातला टिपऱ्यांचा फ्लॅट, दोन्ही घरे पगारदार माणसाची. महिन्याची पहिली तारीख, कचेरीतला साहेब, बदली, बढती, शिकवणी : कलहाचे सारे विषय नियमित उत्पन्नाच्या गृहीतकावर उभे आहेत. कापसाच्या भावावर आणि पावसावर वर्ष ठरणाऱ्या घरात 'शेवटी सारे पूर्ववत' हा विनोदी मालिकेचा मूळ संकेतच विश्वसनीय राहत नाही. याच जिल्ह्यातील शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या ज्या वर्षांत राज्यभर वाचल्या जात होत्या, ती वर्षे आणि 'टिपरे'नंतरची वर्षे एकच आहेत. याचा अर्थ शेतकऱ्याच्या घरात विनोद नसतो असा मुळीच नाही. वऱ्हाडी बोलीतील विनोदाची धार कोणी नव्याने सांगायला नको. पण त्या विनोदाला मालिकेचे घर कधी मिळाले नाही. वऱ्हाडी कुटुंब मध्यभागी ठेवून 'टिपरे'च्या तोडीची साप्ताहिक मालिका मराठीत झाली नाही.

वऱ्हाडी स्वर मराठी वाहिनीवर घरोघर ऐकू आला तो वेगळ्याच प्रकारातून. २०१४ मध्ये 'झी मराठी'वर सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'त भारत गणेशपुरे यांनी आपल्या बोलीसकट प्रवेश केला, आणि २०१८ नंतर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'ने प्रहसनांचा हाच साचा 'सोनी मराठी'वर चालवला. पहिला कार्यक्रम २०२४ मध्ये थांबला आणि २०२५ मध्ये नव्या रूपात परतला. प्रहसनाच्या या कार्यक्रमांनी विनोदी मालिकेची उरलेली जागा व्यापली. त्यांना वीज चालते तशी चालते. दहा मिनिटांचा तुकडा चुकला तर दुसरा येतो, आणि पुढे भ्रमणध्वनीवर तोच तुकडा सुटा पाहता येऊ लागला. नियतकालिकाच्या लयीची त्यांना गरज नाही.

त्यांत वऱ्हाडी माणूस आहे, त्याची बोली आहे, त्याचा तिरकस शेराही आहे. नाही ते एवढेच : एका तुकड्यात तो सरपंच असतो, दुसऱ्यात पोलीस, तिसऱ्यात नवरदेवाचा बाप. बायको, मुले, अंगण, कर्ज, शेजारी यांतले काहीही त्याच्याबरोबर पुढच्या आठवड्यात येत नाही.